तेसोनिए भावांचं सोन्याचं घड्याळ

दादा,

काल वहिनीने आणि मी तुझं दुकान उघडलं. तेरावं होऊन चार दिवस झाले होते आणि लोक घरी येऊन विचारायला लागले होते, आमचं घड्याळ तयार आहे का, नसलं तरी तसंच द्या. खणात एकोणीस घड्याळं निघाली. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि तिच्यावर तुझ्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव आणि आजार. तू 'बिघाड' कधी लिहिलं नाहीस, 'आजार' लिहायचास. 'पाणी गेलेलं.' 'मागे पडते.' 'आधी मालक पडला, मग घड्याळ.' ही शेवटची चिठ्ठी वाचून वहिनी हसली आणि मग स्टुलावर बसून रडली. तू गेल्यावर ती पहिल्यांदाच रडली. मी चिठ्ठ्या वाचत राहिले. दोघींपैकी कुणीतरी वाचायला हव्या होत्या.

दुपारी मिरकरवाड्याहून एक मासेवाली आली. तिच्या नवऱ्याचं घड्याळ तुझ्याकडे होतं. ते हातात घेऊन ती म्हणाली, "भाऊ गेला गो बाय तुझा. हात चांगला होता त्याचा."

गेले पंधरा दिवस जो येतो तो हेच म्हणतो. हात चांगला होता. मी मान हलवते. तुझ्या त्या हाताबद्दल मला जे माहीत आहे ते गावात कुणाला माहीत नाही. वहिनीला थोडं माहीत आहे. ते कुणाला सांगायचं म्हटलं तर तुलाच सांगावं लागेल, म्हणून बसले लिहायला.

बाबांच्या घड्याळापासूनच सुरुवात करावी लागेल. बाबा मुंबईला फोर्टात एका पारशाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभे होते. परदेशी घड्याळांचं दुकान. ते बंद झालं तेव्हा शेटजींनी शोकेसमधलं एक न विकलेलं घड्याळ काढून बाबांच्या हातात ठेवलं. अठरा कॅरेट सोन्याची केस, सायीच्या रंगाची तबकडी, खाली सेकंदांची वेगळी छोटी तबकडी, आणि बाराच्या खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव. आपण ते 'टेसोनियर' असं वाचायचो. बाबा ते लग्नात, गणपतीत आणि जमिनीच्या दाव्याची तारीख असली की घालायचे. एरवी ते डबीत. डबीत गॅरंटीचा कागदही होता, घडीवर फाटलेला.

त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत तू चौदाव्या वर्षी कारागिराच्या शेजारी बसायला लागलास. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबांना डबा द्यायला आईबरोबर गेले की मी त्या खोलीच्या दारात उभी राहायची. उघडं घड्याळ मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. आतलं एक चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे डोलत होतं. तू मला सांगितलंस, हा बॅलन्स, हा थांबला की सगळं थांबतं. मला वाटलं, हे आपल्याला यायला पाहिजे.

पुढे आपण रत्नागिरीला परत आलो, तू दुकान टाकलंस आणि मी मॅट्रिक झाले. त्या सुट्टीत मी तुला म्हटलं होतं, "मला शिकव." तू भिंग डोळ्यावरून काढलंही नाहीस. म्हणालास, "बायकांचं काम नाही ते. बांगड्या वाजतात, टिकटिक ऐकू येत नाही." दुसऱ्या दिवशी मी बांगड्या काढून आले. मग म्हणालास, "बायकांचा हात हलतो." मी हात पुढे करून दाखवला, हलत नव्हता. तू बघितलंस आणि म्हणालास, "आज नाही हलत."

त्या उत्तरावर मी वीस वर्षं भांडले. दर दिवाळीला, दर मे महिन्यात, कुणी पाहुणा आला की त्याच्यासमोर. वहिनीला ते सगळं तोंडपाठ झालं होतं. आणि तूच मला बी.ए.ला घातलंस हेही लिहायला हवं. बाबा म्हणत होते, झालं एवढं शिक्षण पुरे. तू म्हणालास, तिला इंग्रजी घेऊ दे, तिला ते येतं. कोल्हापूरला मला सोडायला तूच आलास. एस.टी.त आंबा घाटात मला उलटी झाली, तर तुझा रुमाल दिलास आणि परत मागितलास. मी शिक्षिका झाले ती तुझ्यामुळे. आणि घड्याळवाली झाले नाही तीही तुझ्यामुळेच. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एक खोडता येत नाही.

बाबा गेल्यावर सोन्याचं घड्याळ तुझ्याकडे आलं. ते मी पाडलं. नववीच्या वर्गाला वाचनात घड्याळावर एक धडा होता, म्हणून मी तुझ्याकडून ते मागून नेलं. तू दिलंस, फक्त म्हणालास, "मुलींच्या हातात देऊ नको." मुलींच्या हातात दिलंच नाही. माझ्याच हातून शहाबादी फरशीवर पडलं. काच शाबूत, केसला एक ओरखडा, आणि बंद.

तू ते उघडलंस. भिंगातून बराच वेळ बघितलंस. "बॅलन्सचा आस तुटला." बॅलन्सच्या चाकाचा आस डोक्याच्या केसाहून बारीक असतो, पडलं की आधी तोच जातो. मी उभीच होते. तू एवढंच म्हणालास, "पडलं ते पडलं. जा, शाळेची वेळ झाली." त्यापेक्षा ओरडला असतास तर बरं झालं असतं.

पूर्वी असा आस तू स्वतः पोलाद घासून बनवला असतास. दुसऱ्यांच्या घड्याळांसाठी बनवलेलेही आहेत. त्या वेळी मात्र म्हणालास, हा पार्ट मुंबईतही मिळायचा नाही. ते ऐकून मला काहीच वाटलं नाही. आता वाटतं की तेव्हाच वाटायला हवं होतं.

मुंबईत मिळत नाही म्हटल्यावर मी गॅरंटीच्या कागदावरचा पत्ता घेतला आणि स्वित्झर्लंडला पत्र लिहिलं. तू हसलास. "कंपनी केव्हाच बुडली असेल. आता कोण चावीची घड्याळं घेतो?" तुझं म्हणणं बरोबर होतं. ऐंशी सालानंतर आखातातून येणारा प्रत्येक जण मनगटावर बॅटरीचं घड्याळ आणत होता, बटण दाबलं की आकडे दिसणारं. तुझ्या दुकानात बॅटऱ्यांची पाकिटं टांगलेली असायची आणि त्या बदलताना तुझा चेहरा पडलेला असायचा. पण मी पत्र टाकलं. पाडलं मी होतं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. ती दुपार तुला आठवत असेल. मी शाळेतून थेट दुकानात आले होते. पत्र ओदेत नावाच्या बाईचं होतं. कारखाना बंद होऊन काही वर्षं झाली, पण गाव लहान, म्हणून पोस्टमनने माझं पाकीट तिच्या दारात आणून दिलं. ती कंपनी काढणाऱ्या भावांपैकी धाकट्याची नात. एका हॉटेलात कामाला, म्हणून इंग्रजी येत होतं. पहिल्याच ओळीत तिने लिहिलं होतं की नाव तेसोनिए असं म्हणायचं, शेवटचा आर उच्चारायचा नाही. तू म्हणालास, "मग लिहायचा कशाला?"

मी तुला एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले आणि तू हातातलं काम खाली ठेवलंस. ते डोंगरातलं गाव, अर्धं वर्ष बर्फ. तेसोनिए म्हणजे गाईगुरं राखणारे लोक. बर्फ पडलं की शेतात काम नाही, म्हणून दोघे भाऊ घरात खिडकीशी बसून दुसऱ्या कंपन्यांसाठी घड्याळाचे स्क्रू बनवायचे. स्क्रूवरून चाकं, चाकांवरून अख्खं यंत्र, आणि मग स्वतःच्या नावाचं घड्याळ. त्यांनी कारखाना बांधला तो लांबट, सगळ्या खिडक्या उत्तरेला, म्हणजे उजेड दिवसभर सारखा. तू लगेच म्हणालास, "शहाणे होते." तुझं बाकही उत्तरेलाच होतं.

त्यांचं बरंचसं काम दुसऱ्यांच्या नावाने विकलं जायचं. स्वतःच्या नावाची सोन्याची घड्याळं थोडी, आणि ती मुख्यतः पूर्वेकडच्या बंदरांत पाठवायला. युद्धात ते बंद पडलं, नंतर परत चाललं, आणि मग जपानची बॅटरीची घड्याळं आली. कामगार कमी कमी होत शेवटी एका बाकावर मावतील एवढेच उरले. शेवटच्या वर्षी न विकलेल्या घड्याळांच्या सोन्याच्या केस काढून वितळवल्या. आतली यंत्रं खोक्यांत भरून ठेवली, ती कुणी घेतली नाहीत. मशिनं वजनावर भंगारात गेली. त्या इमारतीत आता चीज साठवतात.

हे ऐकून तू म्हणालास, "सोनं गेलं आणि घड्याळं राहिली." शेजारच्या सोनाराने त्याच आठवड्यात वहिनीला सुचवलं होतं की बंदच आहे तर केस मोडा, तुमच्या शुभाच्या लग्नात बांगड्या होतील. वहिनीने ते तुझ्या कानावर घातलं होतं. तू तिला आत बोलावलंस आणि म्हणालास, "नाही मोडायचं." कारण सांगितलं नाहीस.

पण त्या पत्रातली खरी गोष्ट शेवटी होती. केसच्या आतला नंबर मी कळवला होता, तो ओदेतने माळ्यावरच्या वहीत शोधला. प्रत्येक घड्याळासमोर ते कुणी जुळवलं त्याचं नाव होतं. आपल्या घड्याळासमोर लिहिलं होतं, बर्त. मला वाटलं पुरुषाचं नाव. पुढच्या ओळीत ओदेतने लिहिलं होतं की बॅलन्स जुळवण्याचं काम तिकडे बायकाच करायच्या, सुरुवातीपासून. त्याला सगळ्यांत स्थिर हात लागतो. लग्न झालेल्या बायका ते घरी घेऊन जायच्या, पाळण्याला पायाने झोका देत बॅलन्स जुळवायच्या. ही बर्त ओदेतच्या शेजारी राहायची, चाळीस वर्षं तेच काम केलेली, आणि रागीट होती.

मी वाचायची थांबले. तू बाबांच्या घड्याळाकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "तिकडच्या बायका बांगड्या घालत नाहीत."

मी एवढी हसले की समोरचा पानवाला बघायला आला. तूही हसलास. पण तू ते मान्य केलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलं.

श्रावणात तिचं पार्सल आलं. औषधाच्या पत्र्याच्या डबीत कापूस आणि कापसात एक तयार बॅलन्स, आसासकट, स्प्रिंगसकट. माळ्यावर खोक्यात असे काही जुळवून ठेवलेले आणि कधीच न वापरलेले मिळाले म्हणे. डबीतल्या कागदावर दोन अक्षरं होती, जुळवणारीच्या नावाची. कोण ते ओदेतला ठाऊक नव्हतं. तू ते भिंगाखाली धरलंस आणि म्हणालास, "बसेल." मला वाटलं, रविवारपर्यंत घड्याळ चालू.

श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. मी विचारलं की तू म्हणायचास, आज कामं आहेत. उद्या बघू. हवेत ओल आहे, आता उघडायला नको. दिवाळी आली. भाऊबीजेला मी ओवाळलं, पानं वाढली, आणि तू अनारसा हातात घेतला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला ते चालू व्हायलाच नको आहे. मी पाडलं ना, म्हणून ते तसंच पडून राहिलेलं तुला हवंय. दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर." वहिनी म्हणाली, "असं काय गो बोलतेस." शुभा ताटाकडे बघत होती. तू अनारसा पूर्ण खाल्लास, हात धुतलास आणि दुकानात निघून गेलास. भाऊबीजेला दुकान बंद असतं.

त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी बाजारातून येत होते. तुझ्या दुकानासमोर उभी राहिले आणि आत बघितलं. तू बाकावर वाकून एक स्क्रू उचलत होतास. चिमट्यातून तो सुटला. परत उचललास, परत सुटला. मग तू डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट पकडलंस आणि पुन्हा प्रयत्न केलास. दोन्ही हात हलायला लागले. तू चिमटा ठेवलास आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिलास, डोळ्यावर भिंग तसंच.

मी मागे फिरले. तुमच्या घरी जाऊन वहिनीला विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षं झाली. चहाची कपबशी घेत नाहीत, पेल्यात मागतात. सुमीला सांगू नको म्हणाले होते. डॉक्टर कंपवात म्हणतो.

मग सगळं कळलं. पार्ट मिळत नाही असं तू लोकांना का सांगायचास, बारीक कामं कोल्हापूरला का पाठवायचास, काही घड्याळं परत का यायची, आणि दोनचार लोक तुझ्यामागे काय बोलायचे. सगळ्यांत आधी, आस तुटला तेव्हा तू तो का बनवला नाहीस. भाऊबीजेला मी जे बोलले ते गिळता आलं असतं तर गिळलं असतं. पण मी काही तुझ्याकडे येऊन सांगितलं नाही की मला कळलं. तू मला काचेतून पाहिलं होतंस की नाही, तेही मला कधी कळलं नाही.

त्याच आठवड्यात तू शुभाकडून निरोप धाडलास, आत्याला म्हणावं रविवारी सकाळी दुकानात ये, उजेड असेपर्यंत.

मी गेले. तू बाकावरून उठून बाजूच्या स्टुलावर बसला होतास. बाकावर पांढरा कागद, त्याच्यावर बाबांचं घड्याळ उघडून ठेवलेलं. "बस," म्हणालास. मी बांगड्या काढायला लागले. तू म्हणालास, "राहू देत."

एवढंच आपण बोललो. बाकी सगळं कामाचं. भिंग कसं धरायचं. श्वास नाकाने, हळू. चिमटा पेनासारखा धरायचा. "कोपर बाकावर टेकव. मनगट मोकळं." नवा बॅलन्स मी त्याला वरून धरणाऱ्या पट्टीसकट उचलला तेव्हा तो स्प्रिंगवर लोंबकळायला लागला आणि मी घाबरून खाली ठेवला. तू म्हणालास, "तो लोंबकळणारच. परत घे." चौथ्या वेळी तो जागेवर आला. आसाचं खालचं टोक त्याच्या भोकात गेलं की नाही ते मला दिसेना. "दाबू नको," तू म्हणालास. "दाबलंस तर तुटेल. नुसती धरून ठेव, तो आपण होऊन बसेल." मी धरून ठेवलं. माझी मान दुखायला लागली. तू माझ्या कानाशी वाकून बसला होतास, तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग काहीतरी किंचित खाली गेलं आणि चाक डोलायला लागलं. मी काही केलं नव्हतं.

"आता स्क्रू," तू म्हणालास. "चाक थांबलं तर सोड."

चाक थांबलं नाही. स्क्रू बसला. तू घड्याळ माझ्या हातून घेतलंस, कानाला लावलंस, आणि ते तुझ्या हातात थरथरत होतं म्हणून मी माझा हात तुझ्या हाताखाली धरला. त्या वेळी तरी मी म्हणायला हवं होतं की भाऊबीजेला मी चुकले. तोंडावर आलं होतं. पण तू ऐकत होतास, म्हणून थांबले, आणि मग वेळ गेली. अजून म्हटलेलं नाही. आता इथे म्हणते. मी चुकले, दादा.

त्यानंतरचं वर्षभर मी दर रविवारी येत होते. लोकांना सांगितलं होतं की बहीण हिशेब बघते. तू मला तीन प्रकारची घड्याळं खोलायला शिकवलीस आणि चौथ्याच्या वेळी म्हणालास की हे नको, हे फार खट्याळ आहे. खणातल्या एकोणीस घड्याळांपैकी अकरा मी केलेली आहेत. मासेवालीच्या नवऱ्याचं त्यांतलंच. काल ती हात चांगला होता म्हणाली तेव्हा मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते मला ठरवता आलेलं नाही. तुझं नाव जाऊ नये असं मला वाटतं, आणि माझंही कुणाला कळावं असंही वाटतं.

घड्याळ शुभाला द्यायचं असं तू वहिनीला सांगून गेलास. ती ते घालून शिकवणीला जाते. लग्नात दुसऱ्या बांगड्या होतील म्हणाली.

आणि एक दिवस राहिला. बॅलन्स बसवल्यावर दहाबारा दिवसांनी, ओदेतला आभाराचं पत्र लिहायचं होतं. मी शाळेतून हवाई पत्राचा कागद घेऊन आले. तू सांगत होतास आणि मी इंग्रजीत उतरवत होते. पार्सल पोचलं. बॅलन्स चांगला आहे. घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट पुढे जातं, तेवढं चालेल. तिच्या आजोबांना आणि त्या रागीट बाईंना, असतील तिथे, नमस्कार. मग तू बाहेरून जाणाऱ्या कुणाला तरी हात केलास. आणि त्याच आवाजात पुढे सांगितलंस, "बॅलन्स माझ्या बहिणीने बसवला."

माझं पेन थांबलं.

"लिहिलंस?"

"नाही."

"लिही गो. स्पेलिंग येत नाही काय?"

मी लिहिलं. तू कागद ओढून घेतलास आणि बोट फिरवत त्या ओळीपर्यंत आलास. बघितलंस. म्हणालास, "नुसतं सिस्टर नको. नाव घाल." मी सिस्टरच्या पुढे वरच्या बाजूला माझं नाव घातलं, सुमन. जागा नव्हती, म्हणून अक्षर बारीक आलं. मग तू खाली सही केलीस. पहिली वेडीवाकडी झाली, तिच्या शेजारी दुसरी केलीस, तीही तशीच झाली, आणि तू दोन्ही तशाच ठेवल्यास. पोस्टाची वेळ संपत आली होती, म्हणून मी पत्राची घडी घातली आणि निघाले.

तुझी,
सुमी